मिलिंददादाचं नाव त्या पुस्तिकेवर नको

अन्याय मिलिंददादावर झाला. गेल्या गणेशोत्सवात, शनिवारी दुपारी, आरती संपली होती आणि जेवणाच्या कागदी प्लेट्स मांडायला अजून वेळ होता, त्या मधल्या वेळात झाला. भाड्याने घेतलेल्या शाळेच्या कॅफेटेरियात, सगळ्यांच्या समोर. हे मी पहिल्याच ओळीत लिहिते आहे, कारण पत्रकाची पहिली ओळ कशी असावी ते मला माहीत आहे. स्मृतिलेखाची कशी असते ते माहीत नाही.

दादा, आता तुझ्याशी बोलते. तू असतास तर एव्हाना म्हणाला असतास, "झाली का सुरुवात, पत्रकवाली?"

झाली. कारण तुला जाऊन महिना होत नाही तोवर इथल्या मराठी मंडळाने ठराव तयार केलाय. येत्या रविवारच्या सभेत तो येणार. तुझा 'घाटवाट' हा खेळ, त्यांनी बदलून छापलेला, तुझ्या नावाने पुन्हा छापायचा. मुखपृष्ठावर तुझा फोटो, खाली 'कै.'. तू हयात होतास तेव्हा त्याच पुस्तिकेवरून तुझं नाव गाळलं होतं. आता ज्या पानाला तू नाही म्हणालास, त्याच पानासकट ते नाव परत चिकटवणार. हे मला होऊ द्यायचं नाही. बाकी या लेखात जे काही आहे ते म्हणजे तुझी आठवण येते, एवढंच.

आपली ओळख झाली ती इथे परदेशातच, सनीव्हेलमध्ये, कुणाच्या तरी अपार्टमेंटमध्ये. आपली चारपाच घरं महिन्यातून एकदा बुद्धवंदनेला जमायची. मी औरंगाबादहून शिकायला आलेली, नवी नवी, चिडकी. तू विचारलंस, "बॅगेत काय काय आणलंस?" मी म्हटलं, आईने लोणचं दिलं होतं आणि मी माझी कॉलेजातली पत्रकं आणली होती. "मग कस्टमवाल्यांनी काय ठेवून घेतलं?" "लोणचं." तू इतका हसलास की वंदनावहिनी आतून बघायला आल्या. "बघ बे," तू तुझ्या नागपुरी पद्धतीने शेजारच्याला म्हणालास, "या देशाला काय धोकादायक आहे तेच कळत नाही."

आणि मग म्हणालास, "शनिवारी क्लबहाउसवर ये. पोरांना एक खेळ खेळवतो."

मला वाटलं बुद्धिबळ असेल. गेले तर स्विमिंग पूलशेजारच्या त्या खोलीत एक लांब टेबल, त्याभोवती सात-आठ मुलं, मध्ये एकच फासा. पट नाही, सोंगट्या नाहीत. आठवडाभर चिप तपासणारा इंजिनियर शनिवारी डोळे मिटून सांगत होता, "सातवाहनांचा काळ आहे. तुम्ही बैलांच्या तांड्याबरोबर पैठणहून निघालात, खाली बंदराकडे जायचंय. घाट समोर आहे. आणि घाटाच्या तोंडाशी एक यक्ष बसलाय. त्याला भूक लागलीय. आता बोला, तुम्ही कोण आणि तुम्हाला काय येतं?"

मंडळातल्या श्रीकांतकाकांचा रोहन उठून म्हणाला, "आय ॲम अ निन्जा."

मी तोंड उघडणार होते. सातवाहनांच्या काळात निन्जा! तू हाताने मला थांबवलंस. "चालेल. निन्जा आहेस. पण तुला काय येतं?"

रोहनने विचार केला. "आय कॅन मेक सँडविचेस, काका."

"यक्षाला भूक लागलीय," तू गंभीरपणे म्हणालास. "टाक फासा."

त्या सँडविचवर अख्खा तांडा घाट उतरला. पुढे यक्षाने रोज सँडविच मागायला सुरुवात केली आणि रोहनने त्याला एक दिवस साफ सांगितलं, "मेक युअर ओन." मुलं टेबलावर हात आपटून हसत होती. मी कॉलेजात भरपूर सभा घेतल्या, पण एवढं मनापासून ऐकणारी माणसं माझ्या एकाही सभेत नव्हती.

तुझे नियम एका पानावर मावायचे. नाव सांगा, हाताला काय येतं ते सांगा. अडलं की फासा टाका, चार किंवा जास्त पडलं तर जमलं. नाही जमलं, तर तांड्यातल्या कुणीतरी 'मी हिच्या बाजूने आहे' असं म्हणून का ते सांगायचं, की पुन्हा टाकायला मिळतं. कुणी मरत नाही. पडलं तर बाकीच्यांनी त्याचं ओझं वाटून घ्यायचं. आणि एकच मनाई. तांड्यात 'तू कुणाचा' हे विचारायचं नाही. घराणं, गाव, आडनाव, काही नाही. ज्याने विचारलं त्याच्यामुळे सगळा तांडा एक मुक्काम मागे जातो.

मुलांना हा नियम सगळ्यात जास्त आवडायचा, कारण त्यात मोठी माणसं सापडायची. आठवतं, एक काकू त्यांच्या मुलाला न्यायला आल्या होत्या? दारातच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही नवीन दिसता. आडनाव काय म्हणालात? आणि मूळच्या कुठल्या तुम्ही?" टेबलावरून सगळी मुलं एका सुरात ओरडली, "एक मुक्काम मागे!" काकू गोंधळल्या. तू त्यांना खुर्ची दिलीस आणि म्हणालास, "बसा, आता तुमच्यामुळे यांना परत नदी ओलांडायची आहे." त्या बसल्या, दादा. अर्धा तास बसल्या आणि नदीही ओलांडली. आडनाव विचारायचं राहूनच गेलं.

तुझं आडनाव असं होतं की त्यावरून कुणाला नक्की काही कळायचं नाही. मग लोक पुढचं विचारायचे. मूळ गाव? कुलदैवत? तू शांतपणे सांगायचास, "सनीव्हेल." मला ते विनोदी वाटायचं आणि राग पण यायचा. एकदा मी म्हटलं, सरळ सांगून का टाकत नाहीस? तू म्हणालास, "मी ऑफिसात सांगितलंय. मॅनेजरला सांगितलंय, तो बिचारा म्हणाला, कूल. इथे मराठी माणसांत सांगायला थोडा वेळ लागेल."

मी तुझ्या खेळात दवंडीवाली झाले. तू मला दुसरं काही होऊच दिलं नाहीस. आणि मी प्रत्येक वेळी हमालांचा संप घडवून आणायचे. "काहून गं," तू वैतागून म्हणायचास, "यक्ष आला तरी संप, पूर आला तरी संप!" पण एका शनिवारी संप यशस्वी झाला. बैलसुद्धा बसले. बोलणारा बैल तूच होतास, तूच मागण्या वाचून दाखवल्यास. आमच्यापेक्षा दोन जास्त होत्या.

खेळावर आपलं खरं भांडण झालं ते लाँड्री रूममध्ये. ड्रायर फिरत होता, तू लेकीचे, मित्राचे, मोजे जोडत होतास. मी म्हटलं, "हे खोटं आहे, दादा. त्या काळात वर्ण नव्हते का? नाशिकच्या लेण्यात राजाच्या लेखात चार वर्णांचा उल्लेख आहे. तू पोरांना जातच नसलेला इतिहास देतोयस. हे तर वरच्या जातवाल्यांनाच हवंय."

"वाचलाय तो लेख," तू म्हणालास.

"मग?"

"लेख राजाचा आहे. पण लेण्यांमधले खांब बघ. खांब कुणी दिलाय, माळ्याने. पाण्याचं टाकं कुणी दिलंय, लोहाराने. गंधी आहे, सुतार आहे. नाव आणि हाताला काय येतं, एवढंच कोरलंय कित्येकांनी. राजाला काय वाटायचं ते राजाकडे. मी खेळ खांबावरून केलाय."

मी म्हटलं, सुंदर बोललास, पण पोरं क्लबहाउसमधून बाहेर पडणार ती याच जगात. तिथे कुणीतरी विचारणारच. तेव्हा काय करतील?

तू एक मोजा हातात धरून थांबलास. "चिडतील. पण चिडायला आधी सवय लागावी लागते. कुणी न विचारता बसायची, खायची, खेळायची. ज्याला हे माहीतच नाही, तो विचारलं की मुकाट उत्तर देतो. मी दिलंय. शाळेत, दर वर्षी, उभं राहून."

"मला कुठे होती सवय? मी चिडलेच ना."

"तू जन्मतःच चिडून आलीस," तू म्हणालास. ड्रायर थांबला, तू कपडे उचललेस आणि निघालास. ते भांडण तिथेच राहिलं. मला अजूनही वाटतं की अर्धा मुद्दा माझा बरोबर होता. तुला हरवायचं होतं, दादा. त्यासाठी तू समोर हवा होतास.

आता त्या शनिवारचं.

मंडळाला मुलांसाठी काहीतरी हवं होतं. श्रीकांतकाका सांस्कृतिक समितीचे प्रमुख. त्यांनी रोहनकडून खेळाबद्दल ऐकलं, तुझ्याकडून ते एक पान मागून नेलं. तू खुशीत दिलंस. महिन्याभरात त्याची पुस्तिका झाली, स्पायरल बाइंडिंग, रंगीत कव्हर, 'संकल्पना: सांस्कृतिक समिती'. तुझं नाव कुठेच नाही. तू म्हणालास, "जाऊ दे, नावाचं काय." मग तू तिसरं पान उघडलंस.

'खेळाच्या सुरुवातीला प्रत्येकाने डब्यातून एक चिठ्ठी काढावी. चिठ्ठीवर आपला वर्ण असेल.' खाली कुणाला काय करता येईल. कुणी मंत्र म्हणू शकतो, कुणी शस्त्र धरू शकतो, कुणी व्यापार करू शकतो. शेवटच्या ओळीत, 'शूद्र: इतरांचे सामान वाहील. फासा टाकण्यासाठी इतरांची परवानगी घ्यावी.' आणि 'कुणाचा' विचारायचं नाही ही मनाई काढून टाकलेली.

तू आरतीच्या आधीच काकांना गाठलंस. मी शेजारी होते. तू म्हणालास, "काका, हे पान नको."

"अरे मिलिंद, हिस्टॉरिकल आहे ना ते? मग इतिहासात होतं ते दाखवायला नको का? सगळंच काय गोड गोड करायचं?"

माझाच मुद्दा होता तो, दादा. लाँड्री रूममधला. त्यांच्या तोंडून ऐकला तेव्हा कळलं की तोच मुद्दा दोन माणसं मांडतात तेव्हा तो एक राहत नाही. मला ज्या गोष्टीची मुलांना चीड यावी असं वाटत होतं, काकांनी ती मुलांना पाळायला दिली होती.

आरती झाली. मुलं जमिनीवर गोल बसली. डबा फिरला. रोहनने चिठ्ठी काढली, उघडली, मोठ्याने वाचली, "शूद्र. व्हॉट डू आय गेट?" शेजारच्या मुलाने पुस्तिकेत बघून सांगितलं, "यू कॅरी अवर स्टफ."

श्रीकांतकाका मागेच उभे होते. ते वाकले, रोहनच्या हातातली चिठ्ठी घेतली, घडी करून डब्यात टाकली आणि म्हणाले, "ती राहू दे. दुसरी घे बाळा."

तू हसलास. मोठ्याने. सगळे वळले. "काका," तू म्हणालास, "इतिहासात अशी दुसरी चिठ्ठी मिळायची का?"

कुणीतरी हसलं, मग ते हसू अर्धवट थांबलं. काका लाल झाले. "अरे, लहान आहे तो. उगाच काय!"

आणि तेवढ्यात तुझी मित्रा, गोलात बसलेली, हात डब्यात घालून तीच चिठ्ठी शोधून बाहेर काढते आणि म्हणते, "आय'ल टेक हिज. आय डोन्ट माइंड. आय'म स्ट्राँग."

तुझा चेहरा मी पाहिला. तो मी इथे लिहिणार नाही. एवढंच लिहिते की तू पुढे झालास, तिच्याजवळ मांडी घालून बसलास आणि पूर्ण वेळ तिच्यासोबत दुसऱ्यांचं सामान वाहिलंस. फासा टाकायला तिने परवानगी मागितली की तू पण मागायचास. हॉलमध्ये ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्यांना वाटलं, किती छान बाप आहे, मुलांमध्ये मूल होतो. एका काकूंनी फोटो काढला. तोच फोटो आता मुखपृष्ठावर येणार आहे. त्यांना माहीत नाही तो कशाचा फोटो आहे.

त्या दुपारी पार्किंग लॉटमध्ये मी म्हटलं, पत्रक काढते. उद्याच. गाडीच्या बॉनेटवर लिहायला सुद्धा सुरुवात केली होती. तू माझ्या हातातून पेन घेतलंस.

"नाही."

"का नाही?"

"मित्रा सोमवारी रोहनच्याच बसमध्ये बसणार आहे."

"म्हणजे लपून राहायचं?"

"लपत नाहीये," तू हळू बोललास, कारण ती मागच्या सीटवर होती. "तिला कळायलाच हवंय. पण कुणाच्या तोंडून कळावं ते मला ठरवू दे. दहा वर्षांची झाली की मी सांगणार आहे. सगळं. माझी शाळा, आजोबांचं गाव, आपण बौद्ध का झालो, सगळं."

"कुठल्या शब्दांत सांगणार?"

"तेच तर जमवतोय," तू म्हणालास. "खेळ कशासाठी केला असं वाटलं तुला?"

तू पेन परत दिलंस, म्हणालास, "भेटलो की बोलू. तू तुझं म्हण, मी माझं म्हणतो." मग मिडटर्म्स आल्या, तुझी डेडलाइन आली, तू वीकेंडलाही ऑफिसात जाऊ लागलास, क्लबहाउसचं टेबल रिकामं राहिलं. दोनदा फोनवर बोललो, दोन्ही वेळा मित्राच्या सायन्स प्रोजेक्टबद्दल. मग मार्चमध्ये ती बातमी. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसलेला. हृदय. मित्राचा दहावा वाढदिवस मे महिन्यात आहे.

दादा, तिला कसं कळलं ते तुला सांगायलाच हवं. दुसरं कोण सांगणार?

फ्युनरल होममध्ये सगळी व्यवस्था श्रीकांतकाकांनी केली. हे मी दात ओठ खात लिहिते आहे, पण खरं आहे. कागदपत्रं त्यांनी केली, नागपूरला फोन त्यांनी लावले, वंदनावहिनींना दोन दिवस स्वयंपाक करू दिला नाही. तू पहिल्यांदा या देशात उतरलास तेव्हा विमानतळावर तुला घ्यायलाही तेच आले होते, तूच सांगायचास. आणि त्याच प्रेमाने ते त्या सकाळी स्वतःच्या गाडीतून फ्रीमाँटहून गुरुजींना घेऊन आले. दर्भ, तीळ, सगळं घेऊन.

वहिनी पहिल्या खुर्चीवर होत्या. म्हणाल्या, "काका, गुरुजी नकोत."

"अगं, तू कसली काळजी करू नको. मी सगळं त्यांना सांगितलंय. फक्त गोत्र तेवढं सांग."

वहिनींनी मान वर केली. "आमच्यात गोत्र नसतं. आमच्यात त्रिशरण पंचशील घेतात. आम्ही बौद्ध आहोत."

मागून कुणीतरी म्हणालं, "अच्छा... अच्छा." एक काका आपल्या बुटांकडे बघू लागले. तुझ्या घरी वर्षानुवर्षं जेवलेली माणसं, दादा, मनातल्या मनात तुझ्या घरचे सगळे पदार्थ आठवून बघत होती. मी बघितलं त्यांना तसं करताना. सगळ्यात सहज वागले ते गुरुजी. त्यांनी पिशवीची दोरी ओढली, मागच्या रांगेत जाऊन बसले आणि शेवटपर्यंत थांबले. मी आणि आपल्या घरांतले लोक उभे राहिलो. मित्राने वंदना पाठ म्हटली, एकही शब्द न चुकता, आमच्यापेक्षा मोठ्या आवाजात.

बाहेर लॉनवर तिने मला विचारलं, "ताई, व्हाय डिड एव्हरीबडी गेट वियर्ड? वॉज इट अ सीक्रेट?"

मी म्हटलं, "नाही गं. सीक्रेट नव्हतं. बाबा तुला सांगणार होते. ते सांगायची तयारी करत होते."

"लाइक फॉर द गेम?"

"हो. तशीच."

"ही टुक टू लाँग," ती म्हणाली. बस्स. माझ्याकडे एवढी पत्रकं आहेत, एवढ्या घोषणा आहेत, आणि एका नऊ वर्षांच्या मुलीला सांगायला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. तुझ्याकडे होतं की नाही, तेही मला माहीत नाही. हेच मला सलतंय. पार्किंग लॉटमध्ये मी तुला 'पत्रक का नाही' एवढंच विचारत राहिले आणि तू काय जमवत होतास ते ऐकायला मिळालं नाही. तू तिला कुठून सांगायला सुरुवात करणार होतास? शाळेतल्या त्या उभं राहण्यापासून? की यक्षापासून?

मी तुझ्यावर चिडले पण आहे, ते पण लिहिते. दहा वर्षांची होईपर्यंत थांबायचं हा काय हिशोब होता? पाचव्या वर्षी सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? ती तेव्हाही म्हणाली असती, आय'म स्ट्राँग. तू म्हणशील, तुला मुलं नाहीत, तू बोलू नको. बरं, नाही बोलत. पण तू उत्तर देशील असं गृहीत धरूनच मी अजून वाक्यं रचते आहे, हे तुला कळतंय ना?

फ्युनरलनंतर आठवड्याभरात ठरावाचा कागद फिरला. आता घाई कशाची, तर लाजेची. तुझं नाव मोठ्या अक्षरात छापलं की कुणी म्हणणार नाही की मंडळ तसं आहे. श्रीकांतकाकांचा मला फोन आला.

"तू काहीतरी लिहितेयस असं ऐकलं."

"लिहितेय."

"अगं, आता देतोय ना त्याचं नाव! आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

"ते तिसरं पान काढा, काका. त्याने लिहिला तसा खेळ छापा."

"ते पान कमिटीने पास केलंय. आणि आता एकदम काढलं, तर लोक म्हणतील, त्यांच्यामुळे काढलं."

"त्यांच्यामुळे म्हणजे कुणामुळे?"

ते म्हणाले, "मला वाईट वाटतं गं. खरंच वाटतं. रोहन रोज विचारतो, मिलिंदकाका यक्षाचा आवाज कसा काढायचे. मला येत नाही तो काढता."

"माहीत आहे काका," मी म्हटलं. खरंच माहीत आहे. वाईट वाटणं आणि पान न काढणं ही दोन्ही कामं एकच माणूस एकाच वेळी करू शकतो. मी इतकी वर्षं पत्रकं लिहिते, पण हे कुठल्याच पत्रकात नीट बसत नाही.

हे छापायच्या आधी मी वंदनावहिनींकडे गेले. तू नाही म्हणाला होतास, म्हणून त्यांना विचारल्याशिवाय एक अक्षर बाहेर काढणार नव्हते. त्या म्हणाल्या, "लिही. आता कुणापासून काय राहिलंय? पण त्याला हुतात्मा करू नको हां. भात करपवायचा दर रविवारी, ते लिही. आणि म्हणायचा की कुकरचीच चूक आहे."

लिहिलं. कुकरची चूक नव्हती, दादा.

आणि आभार. ते मला कधी मानता येत नाहीत, तूच हसायचास. त्या क्लबहाउसच्या खोलीत आयुष्यात पहिल्यांदा मी अशा टेबलाशी बसले जिथे मी काय बोलते एवढंच सगळ्यांना हवं होतं. मला तेव्हा ती पळवाट वाटली. आता मला राग येतो तेव्हा तो कुठून येतो ते कळतं. तुझा मुद्दा तेवढा मान्य. अर्धा.

आता हे वाचणाऱ्या तुम्ही. मंडळाचे सभासद, ज्यांनी मिलिंददादाच्या घरचा करपलेला भात खाल्लाय, ज्यांची मुलं शनिवारी त्याच्याकडे सोडून तुम्ही ग्रोसरीला गेलात. रविवारी सभेला या. घरी बसून हळहळू नका. ठराव वाचला जाईल तेव्हा उभे राहा आणि सांगा: खेळ छापायचा असेल तर त्याने लिहिलेलं ते एकच पान छापा, त्यातल्या मनाईसकट. चिठ्ठ्यांचं पान राहणार असेल तर त्याचं नाव काढा, त्याचा फोटो काढा. दोन्ही एकत्र छापायला तुमचं मत देऊ नका. 'मी बाहेर चहा घेत होतो' असं नंतर सांगू नका. पहिल्या रांगेत वंदनावहिनी बसणार आहेत आणि मित्रा त्यांच्या शेजारी. आता तिला सगळं समजतं. हात वर करायचा असेल, तर तिच्याकडे बघून करा.